दारात पहिल्यांदा कोण उभं असतं?

माहीमच्या एका वस्तीतल्या विहारात, वर्षावासातल्या एका रविवारी, आम्ही पावसाळ्यातल्या तापांबद्दल बोलायला गेलो होतो. वंदना झाली, ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’चं वाचन झालं आणि मग आमचं नेहमीचं सुरू झालं. पिंपं झाकून ठेवा, पत्र्यावरचे टायर काढा, साचलेल्या पाण्यातून चालून आलात तर दवाखान्यात जाऊन लेप्टोची गोळी मागा. बायका ऐकत होत्या, पोरं चुळबुळत होती. शेवटी अकरावीतल्या एका मुलीनं हात वर केला.

“ताई, कुणी मुद्दाम रोग सोडला तर? म्हणजे बॉम्ब नाही, रोग. तर आपली हॉस्पिटलं तयार आहेत का?”

मागे बसलेले एक आजोबा म्हणाले, “बाळा, आपल्याकडे रोग सोडायला मुद्दाम कुणी यावं लागतं का? नाला आहे की.” सगळे हसले. आम्हीही हसलो.

पण त्या रात्री प्रश्न डोक्यातून जाईना. मुलीचा प्रश्न खरा होता आणि आजोबांचं उत्तरही खरं होतं. मुद्दाम सोडलेला रोग आणि नाल्यातून आलेला रोग हॉस्पिटलच्या दारात येतो तेव्हा दोन्ही सारखेच दिसतात. ताप, खोकला, जुलाब, अंगावर पुरळ. ‘हा हल्ला आहे’ असं केसपेपरवर कुणी लिहून आणत नाही. मग तयारी कशाची करायची आणि ती झाली आहे की नाही हे ओळखायचं कसं? त्या मुलीला तेव्हा नीट उत्तर देता आलं नाही. ते इथे देतो.

चिंचपोकळीहून निघालेले जंतू

असं कधी झालंय का, हा पहिला प्रश्न. झालंय. आणि त्यातला एक प्रकार तर आपल्या चिंचपोकळीहून निघाला होता.

आज आपण ज्याला कस्तुरबा म्हणतो, ते आर्थर रोडचं साथीच्या रोगांचं हॉस्पिटल. १९३३ साली तिथे कोलकात्याकडचे दोन गृहस्थ आले. एक पाकूरच्या जमीनदार घराण्यातला बिनयेंद्र पांडे, दुसरा डॉक्टर तारानाथ भट्टाचार्य. त्यांना प्लेगचे जिवंत जंतू हवे होते. आधी त्यांनी परळच्या हाफकिन संस्थेकडे प्रयत्न केला. संस्थेनं बंगालच्या सर्जन जनरलची परवानगी आणायला सांगितलं. मग ते आर्थर रोडला गेले. प्लेगवर औषध शोधलंय, प्रयोग करायचाय, एवढं सांगितल्यावर डॉक्टरला तिथल्या प्रयोगशाळेत काम करू दिलं गेलं. पाचेक दिवसांत त्यानं काम अर्धवट टाकलं आणि दोघं कोलकात्याला परतले.

२६ नोव्हेंबर १९३३ ला हावडा स्टेशनच्या गर्दीत बिनयेंद्रचा धाकटा सावत्रभाऊ अमरेंद्र याला एका माणसाचा धक्का लागला आणि दंडात काहीतरी टोचलं. काही दिवसांत ताप चढला. ४ डिसेंबरला तो गेला. डॉक्टरांनी न्यूमोनिया म्हटलं. रक्ताचा रिपोर्ट नंतर आला, त्यात प्लेगचे जंतू सापडले. भांडण इस्टेटीचं होतं. खटला चालला, आधी फाशीची शिक्षा झाली, १९३६ मध्ये हायकोर्टानं ती जन्मठेपेवर आणली.

न्यूमोनिया म्हणणाऱ्या डॉक्टरांना आम्ही दोष देणार नाही. कोलकात्यात तेव्हा प्लेगची साथ नव्हती, डोळ्यांसमोर नसलेला रोग मनात येत नाही. कुणीतरी रक्त तपासायला पाठवलं म्हणून सत्य कळलं. आम्हाला खटकतं ते दुसरंच. आपला माणूस पेशंटचा डबा घेऊन गेला तर गेटवरचा वॉचमन तीनदा पास विचारतो. आणि प्लेगच्या जंतूंच्या कपाटापर्यंत एक जमीनदार गोड बोलून पोचला. हॉस्पिटलची तयारी म्हणजे फक्त खाटा नव्हेत. आतल्या प्रयोगशाळेचं कुलूप, किल्ली कुणाकडे, आत कोण आलं त्याची वही, हीसुद्धा तयारीच.

दुसरी गोष्ट पुण्याशी नातं सांगणारी. कोरेगाव पार्कातून अमेरिकेत गेलेल्या रजनीशांच्या आश्रमातल्या काही मंडळींनी १९८४ मध्ये ओरेगन राज्यातल्या डॅलेस नावाच्या छोट्या गावात दहा हॉटेलांच्या सॅलडमध्ये टायफॉइडच्या जातकुळीतले साल्मोनेलाचे जंतू मिसळले. काउंटीच्या निवडणुकीत गावातली माणसं मतदानाला येऊ नयेत म्हणून ही रंगीत तालीम होती. ७५१ माणसं आजारी पडली. सुदैवानं कुणी दगावलं नाही. गावच्या हॉस्पिटलच्या १२५ खाटा भरल्या, पेशंट पॅसेजमध्ये ठेवावे लागले. आणि आरोग्य खात्यानं सुरुवातीला काय निष्कर्ष काढला? हॉटेलात जेवण हाताळणाऱ्या कामगारांनी हात धुतले नसतील! जवळपास वर्षभर तो ठपका त्या कामगारांवर राहिला. आश्रमातलीच भांडणं चव्हाट्यावर आली तेव्हा खरं बाहेर पडलं. आमची मान खाली जाते ती आणखी एका कारणानं. ते जंतू वाढवण्यात ज्या बाईचा हात होता, ती शिकलेली नर्स होती.

तिसरी २००१ ची, बऱ्याच जणांना आठवत असेल. अमेरिकेत पत्रांमधून अँथ्रॅक्सची पावडर पाठवली गेली. अँथ्रॅक्स म्हणजे आपल्या गावाकडे जनावरांना होतो तो फाशी रोग. २२ माणसं आजारी पडली, ५ गेली. आपल्याकडेही त्या दिवसांत पांढऱ्या पावडरची मोठी धास्ती होती. मंत्रालयात छगन भुजबळांच्या कार्यालयात आलेल्या पाकिटाची बातमी तेव्हा देशभर गाजली. पण सांगायचं ते वॉशिंग्टनच्या ब्रेंटवुड टपाल केंद्राचं. १५ ऑक्टोबरला एका सिनेटरच्या कार्यालयात पावडरचं पाकीट उघडलं गेलं. त्याच दिवशी तिथल्या माणसांची तपासणी झाली, हातात औषधाच्या गोळ्या पडल्या. ते पाकीट ज्या टपाल केंद्रातल्या यंत्रांतून गेलं होतं, तिथले कामगार मात्र पुढचे पाच-सहा दिवस काम करत राहिले. तिथे बहुसंख्य काळे कामगार. २१ आणि २२ ऑक्टोबरला त्यांच्यातले दोघे गेले. एक जण हॉस्पिटलात गेला होता, त्याला घरी पाठवलं होतं. दुसऱ्यानं आपत्कालीन फोनवर स्वतःच्या तोंडानं सांगितलं होतं की मला अँथ्रॅक्स झाला असावा.

साहेबाच्या टेबलावर पाकीट पोचण्याआधी ते कुणाच्या तरी हातातून जातं. साहेब दिसतो, तो हात दिसत नाही. आपल्याला हे कुणी नव्यानं शिकवायला नको.

माहीममध्ये झालं तर कसं दिसेल

११ जुलै २००६ ला लोकलमध्ये स्फोट झाले तेव्हा माहीमचं स्टेशनही त्यात होतं. रुळांकडेच्या वस्त्यांमधल्या माणसांनी घरातल्या चादरी आणल्या आणि जखमींना त्यांत घालून उचललं. आवाज झाला होता, धूर दिसत होता, धावायचं कुठे हे कळत होतं. २६ नोव्हेंबर २००८ ला कामा हॉस्पिटलात गोळ्या सुटल्या तेव्हा परिचारिका अंजली कुलथे यांनी वॉर्डाची दारं लावून २० गरोदर बायांना आत सुरक्षित ठेवलं. तिथेही शत्रू दिसत होता.

रोगाच्या हल्ल्याला आवाज नसतो. श्वासातून लागणारा प्लेग एक ते चार दिवसांत डोकं वर काढतो. श्वासातून गेलेला अँथ्रॅक्स कधी दोन दिवसांत, कधी महिन्यानंतर. देवीच्या रोगाला साधारण दहा-बारा दिवस. तेवढ्यात माणसं कामाला गेलेली असतात, लग्नाला गेलेली असतात, गाडी पकडून गावी पोचलेली असतात. एक जण आपल्या गल्लीतल्या डॉक्टरकडे जाईल, इंजेक्शन घेऊन घरी येईल. दुसरा सायनला जाईल, तिसरा केईएमला, चौथा पैसेवाला असेल तर मोठ्या खाजगी हॉस्पिटलात. प्रत्येक डॉक्टर एकच पेशंट बघेल. चौघं एकाच शेडमध्ये कामाला होते हे कुणाला कळणार नाही.

म्हणून पहिली तयारी यंत्राची नाही. पहिली तयारी म्हणजे विचारणं. कॅज्युअल्टीत केसपेपर काढताना ‘काम कुठे करता, घरात आणखी कुणाला आहे का’ हे दोन प्रश्न विचारले जातात का? आणि उत्तर विचित्र वाटलं तर ते वॉर्डाच्या आरोग्य अधिकाऱ्याला कळवायचं कुणी, कोणत्या फोनवर, रात्री दोन वाजता? आपला जी-उत्तर विभाग म्हणजे दादर, माहीम, धारावी. एवढ्या माणसांत चार सारखे ताप एका धाग्यात ओवायचे तर तो धागा रोज हातात असावा लागतो. डेंग्यूला जो कळवत नाही, तो प्लेगलाही कळवणार नाही.

दुसरी तयारी दाराची. तापाचा, खोकल्याचा, पुरळाचा पेशंट आणि अपघाताचा पेशंट, बाळंतीण, डायलिसिसचा माणूस हे सगळे एकाच बाकावर बसले तर हॉस्पिटलच रोग वाटत सुटतं. दारातच वेगळं करणं, मास्क देणं, हवा बाहेर जाईल अशी वेगळी खोली, अंगावर पावडर पडली असेल तर कपडे उतरवून पिशवीत बांधणं आणि आंघोळीची सोय. ऐकायला साधं वाटतं. तुमच्या जवळच्या हॉस्पिटलात अशी आंघोळीची जागा आहे का, जरा आठवून बघा.

औषधांचं त्या मानानं बरं आहे. प्लेगवर स्ट्रेप्टोमायसिन, डॉक्सीसायक्लिन चालतात, पण लक्षणं दिसल्यावर पहिल्या दिवसाच्या आत सुरू झाली तर. अँथ्रॅक्सवरही प्रतिजैविकं चालतात आणि तो सर्दीसारखा माणसाकडून माणसाला लागत नाही. देवीचा रोग वेगळा. माहीमला शीतळादेवीचं देऊळ आहे, आपल्या आज्या-पणज्या देवी आल्या की तिकडे नवस बोलायला जायच्या. देवी गेली ती नवसानं नाही, लस घेऊन दारोदार हिंडणाऱ्या माणसांमुळे. भारतातली शेवटची केस १९७५ ची, आणि १९८० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं जगातून देवी गेल्याचं जाहीर केलं. ते विषाणू आता अधिकृतपणे फक्त दोन ठिकाणी आहेत, अमेरिकेत अटलांटाला आणि रशियात कोल्टसोवोला. पण लस बंद झाल्यावर जन्मलेल्या कुणाच्याही अंगात देवीविरुद्ध ताकद नाही. (तुमच्या तरुण पोरांच्या दंडावर वण दिसतो तो बीसीजीचा, क्षयाच्या लशीचा. देवीचा नव्हे.) रोग्याशी संपर्क आल्यापासून तीन-चार दिवसांच्या आत त्याच्या संपर्कातल्यांना लस दिली तर बचाव होतो. म्हणजे पुन्हा तेच, आधी दारातल्या माणसानं ओळखायला हवं.

हे सगळं कागदावर नाही असं नाही. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणानं २००८ मध्ये जैविक आपत्तीसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. हॉस्पिटलची योजना, प्रशिक्षण, रंगीत तालीम, वेगळे वॉर्ड, प्रयोगशाळा, सगळं त्यात आहे. कागद चांगला आहे.

मावशी

हॉस्पिटलात आयाबाईला मावशी म्हणतात, वॉर्डबॉयला मामा. नाव कुणी विचारत नाही. आम्हीही पहिली कित्येक वर्षं विचारलं नाही, हे कबूल करायला हवं.

२०२० च्या एप्रिलमध्ये आम्ही शहरातल्या एका हॉस्पिटलात कोविडच्या वॉर्डात होतो. हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही, तेव्हा थोड्याफार फरकानं सगळीकडे तसंच चाललं होतं. पीपीई किट मोजून यायची. डॉक्टरांना, मग सिस्टरना, ब्रदरना. अंगावर कसं चढवायचं, कसं उतरवायचं हे शिकवायला एक दिवस कुणीतरी आलं. खरा धोका उतरवताना असतो, बाहेरची बाजू हाताला लागते, तोच हात तोंडाकडे जातो. आम्ही शिकलो. त्या तासाला मावशी आणि मामा लादी पुसत होते. त्यांना कुणी बोलावलं नाही. ते कंत्राटदाराची माणसं.

आमच्या वॉर्डातल्या मावशी बदलापूरच्या पुढून यायच्या, लोकल बंद म्हणून मिळेल त्या बसनं. पेशंटचं बेडपॅन त्या उचलायच्या, उलटी त्या पुसायच्या, पिवळ्या पिशव्या त्या बांधायच्या, माणूस गेला तर आमच्याबरोबर त्याला गुंडाळायला त्या. आम्ही पेशंटजवळ तासाला पाच मिनिटं जायचो, त्या अर्धा तास असायच्या. त्यांच्या तोंडाला कापडी मास्क होता, घरून आणलेला. आम्ही इन्चार्जना सांगितलं, इन्चार्जनी ऑफिसला सांगितलं, ऑफिसनं कंत्राटदाराला सांगा म्हटलं. शेवटी आम्ही आमच्यातले मास्क काढून द्यायला लागलो, तोवर उशीर झाला होता.

मावशी गेल्या. सरकारनं मार्च २०२० मध्ये कोविडचं काम करणाऱ्या आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी ५० लाखांचं विमा संरक्षण जाहीर केलं होतं, त्यात सफाई कामगार आणि कंत्राटी माणसंही धरली होती. मुलगी कागद गोळा करायला आली. आई कोविड वॉर्डात ड्यूटीवर होती याचा पुरावा द्या म्हणाले. आम्ही ड्यूटी-पत्रक काढलं. डॉक्टरांची नावं होती, आमची होती. मावशींच्या जागी लिहिलं होतं, ‘आया – १’.

त्या मुलीला काय सांगायचं होतं आम्ही? सह्या करून दिल्या, प्रतिज्ञापत्रं केली, फेऱ्या मारल्या. आमच्यातल्या काही जणींनी नोकरी सोडून हे काम सुरू केलं त्याची सुरुवात त्या ‘आया – १’ पासून झाली.

तेव्हा कुणी आम्हाला विचारलं, हॉस्पिटल जैविक हल्ल्याला तयार आहे का, तर आम्ही व्हेंटिलेटर मोजत नाही. आम्ही ड्यूटी-पत्रक मागतो.

हलालखोर निघून गेले असते तर

यात नवीन काही नाही, मुंबईनं हे सव्वाशे वर्षांपूर्वी पाहिलंय. १८९६ च्या सप्टेंबरमध्ये मांडवीला डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. पालिकेनं रोग्यांना जबरदस्तीनं आर्थर रोडच्या हॉस्पिटलात न्यायला सुरुवात केली. हो, तेच हॉस्पिटल. तिथे नेतात आणि मारतात अशी अफवा उठली. २९ ऑक्टोबरला सुमारे हजारभर गिरणी कामगार हॉस्पिटलवर चालून गेले. लोकांचा ज्या दारावर विश्वास नाही, ते दार साथीत फोडलं जातं.

तेव्हाचे पालिका आयुक्त स्नो. त्यांना दंग्याची भीती होतीच. पण त्याहून मोठी धास्ती होती ती शहरातले हलालखोर आणि बिगारी, म्हणजे मैला आणि कचरा उचलणारी माणसं, घाबरून मुंबई सोडून जातील याची. ती गेली तर हे शहर राहण्याजोगं उरणार नाही, हे साहेबाला पक्कं ठाऊक होतं. जबरदस्तीचे नियम लगोलग सैल झाले त्यामागे हे मोठं कारण होतं. त्या माणसांशिवाय शहर चालत नाही हे सरकारला कळलं होतं. त्यांना संरक्षण मिळालं का? ते वेगळं. पुढच्याच वर्षी, १८९७ च्या फेब्रुवारीत, साथरोग कायदा आला. त्यात सरकारला अधिकार मिळाले. तो कायदा आपल्या पिढीनं २०२० मध्ये पुन्हा अनुभवला.

त्याच प्लेगमध्ये पुण्याकडे सावित्रीबाई मुंढव्याच्या महारवाड्यातल्या आजारी पोराला पाठीवर घेऊन मुलगा यशवंतच्या दवाखान्यात पोचल्या आणि १० मार्च १८९७ ला त्याच रोगानं गेल्या. आपल्या घराघरात त्यांचा फोटो आहे. साथीच्या दारात पहिली उभी राहिलेली ती बाई, तिच्याकडेही संरक्षणाला काही नव्हतं.

उलट उदाहरणही आपल्या शेजारीच आहे. १ एप्रिल २०२० ला धारावीत पहिला रोगी सापडला तेव्हा सगळ्यांनी धारावी संपली असं धरलं होतं. अडीच चौरस किलोमीटरमध्ये लाखो माणसं, दहा बाय दहाच्या खोल्या, सार्वजनिक संडास. पालिकेनं रोगी दारात येण्याची वाट पाहिली नाही, दारोदार जाऊन शोधला. वस्तीतल्याच खाजगी डॉक्टरांना बरोबर घेतलं, ज्यांच्याकडे माणसं वर्षानुवर्षं जातात. संडास दिवसातून अनेकदा धुतले गेले. माहीमच्या निसर्ग उद्यानात खाटा टाकल्या. जुलैत जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी धारावीचं नाव घेऊन कौतुक केलं. कौतुकात संडास धुणाऱ्यांची नावं नव्हती, पण चला. त्याच वर्षी ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर येऊ नका, घरूनच अभिवादन करा, असं आवाहन झालं आणि लाखोंच्या समाजानं ते पाळलं. एरवी त्या दिवशी शिवाजी पार्कला जी रांग लागते ती ज्यांनी पाहिलीय, त्यांना हे केवढं मोठं आहे ते कळेल. आपली माणसं शिस्त मोडतात असं म्हणणाऱ्यांना आम्ही तो दिवस दाखवतो.

आपण काय करायचं

घरात अनोळखी पाकीट आलं आणि त्यातून पावडर सांडली तर हुंगायचं नाही, झटकायचं नाही, झाडूनं लोटायचं नाही. जिथे आहे तिथे ठेवा, खोलीबाहेर या, दार ओढून घ्या, साबणानं हात धुवा, कपडे बदलून पिशवीत बांधा, ११२ आणि पालिकेचा १९१६ लावा. बहुतेक वेळा ते टाल्कम पावडर किंवा पीठ निघतं. तरी करा.

पण पाकिटापेक्षा जास्त महत्त्वाचं सांगतो. ताप घेऊन डॉक्टरकडे गेलात तर तो विचारो न विचारो, दोन गोष्टी स्वतःहून सांगायच्या. मी काम कुठे करतो. आणि माझ्या गल्लीत, माझ्या पाळीत आणखी कितीजणांना हेच झालंय. तुम्ही कत्तलखान्यात असाल, एअरपोर्टच्या सामानात असाल, टपालात, कुरियरमध्ये, प्रयोगशाळेच्या सफाईत, हॉस्पिटलच्या लाँड्रीत असाल, हे डॉक्टरला कळलंच पाहिजे. ‘साधा व्हायरल आहे’ म्हणून घरी पाठवलं आणि श्वास लागला, थुंकीत रक्त दिसलं तर दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही, १०८ बोलवायची. तोंडाला मास्क, जवळ बसणाऱ्याच्याही. आणि उरलेल्या गोळ्या डब्यातून काढून आपल्या मनानं घ्यायच्या नाहीत, त्यानं रिपोर्ट बिघडतो.

राहिली हॉस्पिटलं. गेल्या काही महिन्यांत आम्ही माहीम-दादर-परळ भागातल्या काही हॉस्पिटलांत अर्ज घेऊन गेलो. मागचा सराव कधी झाला, त्यात सफाई कामगार होते का? एन-९५ मास्कचं माप मावशींच्या तोंडाला लावून पाहिलं का? पिवळी पिशवी बांधणाऱ्याला रोगाचं नाव सांगतात का? रात्रपाळीच्या सिस्टरला आरोग्य अधिकाऱ्याचा नंबर पाठ आहे का? एका ठिकाणी अधिकारी बाईंनी चहा पाजला, फाइल उघडून दाखवली. सरावाचे फोटो छान होते. आम्ही विचारलं, यातल्या मावशी कुठल्या? त्या बराच वेळ फोटो बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “त्या दिवशी त्यांना सुट्टी दिली होती, गर्दी नको म्हणून.” त्यांनी पुढच्या सरावाला बोलवायचं कबूल केलंय. लेखी द्या म्हटलंय, अजून आलेलं नाही.

आणि विहारात एक वही ठेवलीय. आपल्या वस्तीतलं कोण कुठल्या हॉस्पिटलात कामाला आहे, कायम की कंत्राटी, कंत्राटदार कोण, ओळखपत्र आहे का, कोणत्या वॉर्डात कोणत्या तारखेला ड्यूटी केली. प्रश्न विचारणारी ती अकरावीतली मुलगीच वही लिहिते, अक्षर चांगलं आहे तिचं. पहिल्या पानावर पूर्ण नावं आहेत, आडनावासकट. ‘आया – १’ असं लिहायचं नाही, एवढं तिला सांगितलंय. ओळखपत्राचा रकाना अजून बराचसा रिकामा आहे. ज्यांच्याकडे असेल त्यांनी पुढच्या रविवारी वंदनेनंतर घेऊन यावं, झेरॉक्स आम्ही काढून घेऊ. ज्यांना दिलंच नाही त्यांनीही यावं, कंत्राटदाराला द्यायचा अर्ज तिथेच भरून देऊ.